गोधडीला चार बाजू असतात

शिवणकाम, भरतकाम, विणकाम आवडणाऱ्या कुणालाही विचारा, तक्रार एकच ऐकू येते: वेळ मिळत नाही. कपाटात कापडाचे तुकडे साठलेले असतात, अर्धवट भरलेला रुमाल रिंगसकट तसाच पडलेला असतो, दुपटं शिवायचं म्हणून बाजूला काढलेली मऊ साडी दोन दिवाळ्या उलटल्या तरी घडीतच असते. यावर सहसा सुचवला जाणारा उपाय म्हणजे शिस्त. पहाटे अर्धा तास लवकर उठा, मोबाइल लांब ठेवा, दुपारची झोप सोडा. मला हा उपाय मुळातच चुकीचा वाटतो. एकट्या बाईच्या छंदाचा वेळ हा घरातला सगळ्यांत बेवारस वेळ असतो. कुकर, पाहुणे, मुलाचा गृहपाठ, सासऱ्यांचं औषध, यांतल्या प्रत्येकाचा त्या अर्ध्या तासावर तिच्याआधी हक्क असतो आणि तीही तो हक्क निमूट मान्य करते. तेव्हा दोष तिच्या शिस्तीचा नाही. हाताच्या कामासाठीचा वेळ एकटीला राखता येत नाही. तो चौघींनी मिळून, एकमेकींना दिलेल्या शब्दावर राखावा लागतो. ही काही नवी युक्ती नव्हे. आपल्या शेतकऱ्याने तिला कधीच नाव देऊन ठेवलं आहे: सावड.

आधी ही तक्रार किती खरी आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची ही नोंद आहे. २०२४ च्या पाहणीनुसार घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. फरक तीन तास एकवीस मिनिटांचा. त्यातही हे सरासरी आकडे घरकाम करणाऱ्यांचे आहेत. जे पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत ते त्या ८८ मिनिटांत धरलेलेच नाहीत. मुलांची, म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची देखभाल तर निराळी मोजलेली आहे. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांचीही नऊ वाचली. दरी होती तेवढीच राहिली. हा हिशेब समोर ठेवला की बाईला ‘वेळेचं नियोजन कर’ असं सांगणं किती तोकडं आहे हे कळतं. जो वेळ तिच्या ताब्यातच नाही त्याचं ती नियोजन काय करणार?

सावडीचं तत्त्व साधं आहे. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात भांगलायचं, उद्या माझ्या, परवा तिसरीच्या. कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही, पण आलेला दिवस फेडायचा मात्र चुकवायचा नाही. इर्जिकीतही एकाच्या रानात गावचे बैल जुंपले जातात आणि काम संपल्यावर पंगत बसते. उन्हाळ्यातल्या वाळवणालाही हीच रीत होती. पापड लाटायचे ठरले की शेजारणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या आणि आपल्या घरचे पापड निघायचे तेव्हा त्याच बायकांची वाट पाहायच्या. यातली खरी खुबी श्रमाच्या देवघेवीत नाही, ती निमित्तात आहे. ‘मला जरा बसून शिवायचं आहे’ हे वाक्य घरात टिकत नाही. ‘आज तिच्याकडे बसायचं ठरलंय, माझी पाळी आहे’ हे वाक्य टिकतं. पहिलं इच्छा सांगतं, दुसरं ऋण सांगतं, आणि आपल्या घरांत बाईच्या इच्छेपेक्षा बाईच्या ऋणाला अजूनही जास्त मान आहे. ही गोष्ट खटकणारी आहे, खटकायलाच हवी. पण घर बदलेल तेव्हा बदलेल; तोवर सुई खाली ठेवून बसायचं नसेल तर हे हत्यार वापरायला हरकत नाही.

गोधडी हे या विचाराचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे, कारण तिची घडणच अनेक हातांसाठी झालेली आहे. जुनी सुती लुगडी, धोतरं, साड्या धुऊन एकावर एक अंथरायच्या. कापड जुनंच हवं, कारण शेकडो वेळा धुतलेल्या सुताची खळ निघून गेलेली असते, त्याला आटायचं तेवढं ते आटलेलं असतं, आणि चार-पाच थरांतून सुई अडखळत नाही. नव्या कापडाची गोधडी पहिल्या धुण्यात चुण्या धरते. थर सपाट जमिनीवर ताणून, कोपऱ्यांवर वजनं ठेवून आधी मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचे, म्हणजे आतला थर सरकत नाही. वरून काठ, पदर, खणाचे तुकडे लावायचे. मग धावदोरा. बऱ्याच ठिकाणी हा धावदोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन काढत मध्याकडे सरकतो. एकटी बाई हे करायला बसली की तिला दर थोड्या वेळाने उठून बाजू बदलावी लागते किंवा सगळं धूड फिरवावं लागतं, आणि फिरवलं की थर हलतात. चौघी चार बाजूंना बसल्या तर कुणालाच उठावं लागत नाही. चारही कडांवरून टाके सारख्या गतीने आत येतात आणि ताण सगळीकडे सारखा राहतो. गोधडी नीट होते ती चार बाजूंनी माणसं बसली म्हणूनच.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. धावदोऱ्याला डोळे आणि हात लागतात, पण कान आणि तोंड मोकळं राहतं. स्वयंपाकाच्या ओट्याशी गप्पा होतात त्या तुटक. शिट्टी झाली, दूध वर आलं, वाक्य अर्धवट राहिलं. टीव्हीसमोर बसलं की गप्पाच होत नाहीत. शिवताना मात्र मान खाली असते, समोरचीच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, आणि अवघड बोलणं अशाच वेळी बाहेर पडतं. मध्येच कुणी गप्प झालं तरी ती शांतता ओशाळी वाटत नाही, कारण हात चाललेले असतात. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे मोबाइल आपोआप लांब राहतो. त्यासाठी वेगळा संकल्प करावा लागत नाही. जात्यावर हेच होत होतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या दळताना गायलेल्या आहेत. माहेर, सासर, भाऊ, लेक, पोटातलं सगळं दुःख बायकांनी जात्याला सांगितलं, कारण तिथे हात बांधलेले आणि गळा मोकळा होता. पिठाची गिरणी आली, कष्ट संपले, फार चांगलं झालं. पण त्या कष्टासोबत जी बैठक होती तीही उठली, आणि ती दुसरीकडे कुठे मांडावी याचा विचार कुणी केला नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेतल्या वस्त्यांमध्ये बायका रजईचा वरचा तुकड्यांचा थर आपापल्या घरी जोडत, आणि तिन्ही थर एकत्र शिवायची वेळ आली की मोठ्या लाकडी चौकटीवर रजई ताणून शेजारणींना बोलावत. या बैठकीला तिकडे ‘क्विल्टिंग बी’ म्हणतात. अलाबामा राज्यातल्या जीझ बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी, गुलामगिरीत राबलेल्या माणसांच्या या लेकी-नातींनी, शेतात झिजलेल्या विजारी आणि सदऱ्यांच्या रजया अशाच जोडल्या. थंडी अडवायला शिवलेल्या त्या रजया २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. आपल्याला याहून जवळचं उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका, ज्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलं होतं, ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून आत येणारा तोच धावदोरा, आणि चार कोपऱ्यांना कापडाची छोटी ‘फुलं’. गोधडी, कौदी, कवंदी हे शब्द आणि टाके सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना सख्ख्या बहिणींसारखे नांदतात, याची आपल्याला पुरेशी जाणीव नाही असं मला वाटतं.

सोबतीने हाताचं काम केल्याने माणसाला खरंच काही मिळतं का, की ही केवळ गोड समजूत आहे? याला थोडा पुरावा आहे, तो आहे तेवढाच सांगायला हवा. २०१३ साली ब्रिटनमधल्या व्यवसायोपचाराच्या एका नियतकालिकात विणकाम करणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. ३१ देशांतल्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांनी तिला उत्तरं दिली होती. वारंवार विणणाऱ्यांनी मन शांत आणि आनंदी राहत असल्याचं सांगितलं, आणि गटात बसून विणणाऱ्यांनी त्याखेरीज माणसांशी संपर्क आणि बोलणं वाढल्याचं नोंदवलं. ही स्वतःहून उत्तरं देणाऱ्या हौशी मंडळींची पाहणी होती, म्हणून तिच्यावर फार मोठी इमारत उभारू नये. २०१४ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या टेक्सासमधला प्रयोग जास्त काटेकोर होता. साठ ते नव्वद वयाच्या लोकांचे गट करून काहींना रजई शिवायला, काहींना डिजिटल छायाचित्रण, तर काहींना दोन्ही शिकवलं. आठवड्याला सुमारे पंधरा तास, तीन महिने. एका गटाने या काळात फक्त एकत्र येऊन गप्पा, सहली, खेळ केले. नवं कौशल्य शिकलेल्यांची स्मरणशक्ती नुसत्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा सुधारलेली आढळली. यात छायाचित्रण शिकलेल्यांना जास्त फायदा झाला, हेही सांगितलं पाहिजे. यावरून शिवणकाम हे स्मृतीचं औषध ठरत नाही. एवढंच दिसतं की सोबत आणि शिकणं या दोन्हींची बेरीज नुसत्या सोबतीपेक्षा जड भरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली जगातला दर सहावा माणूस एकटेपणाने ग्रासल्याचं सांगितलं. त्यावर उपाय म्हणून माणसांना ‘एकत्र या’ सांगून भागत नाही. एकत्र येऊन करायचं काय, हे हातात द्यावं लागतं.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे सगळं गरिबीचं उदात्तीकरण आहे. पांघरूण विकत घ्यायची ऐपत नव्हती म्हणून बायकांनी चिंध्या जोडल्या, कंदिलाच्या उजेडात डोळे घालवले, पाठी मोडून घेतल्या. आता पेठेत स्वस्त ब्लँकेट मिळत असताना त्या कष्टांच्या आरत्या कशाला? आक्षेपातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. गरजेपोटी शिवलेल्या गोधडीत हौस असली तरी मोकळीक नव्हती, आणि ती सक्ती परत यावी असं कुणीही म्हणू नये. पण गरज संपली म्हणून काम निरर्थक होत नाही, उलट ते पहिल्यांदाच मोकळं होतं. विहिरीवर पाणी आणायला जावं लागत नाही म्हणून आपण पोहणं सोडत नाही. शिवाय बाजारातलं ब्लँकेट ऊब देईल, पण आजीचं इरकल आणि आईची शाळेत जायची सुती साडी एका पांघरुणात आणण्याची सोय कुठल्याही दुकानात नाही. बाळंतविड्यातली कुंची, झबलं, दुपटं आजही विकत आणलं तर वापरलं जातं आणि मैत्रिणींनी शिवून दिलं तर जपून ठेवलं जातं. हा फरक भावनेचा आहे हे खरं, पण भावनेचा म्हणून तो खोटा ठरत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: बाईच्या डोक्यावर आधीच २८९ मिनिटं आहेत, त्यात तुम्ही आणखी एक काम चढवता आहात. हे काम झोपेतून किंवा विश्रांतीतून काढायचं असेल तर आक्षेप बरोबरच आहे, मग न केलेलं बरं. म्हणून वेळ कुठून यावा हे स्पष्ट बोललं पाहिजे. तो त्या तीन तास एकवीस मिनिटांच्या दरीतून यायला हवा. आठवड्यातली एक संध्याकाळ घरातल्या पुरुषाने भात-आमटी लावली, मुलांचं जेवण आटोपलं, तर दोन तास सहज निघतात. आणि इथेच बैठकीचा उपयोग पुन्हा दिसतो. घरातच कोपऱ्यात शिवत बसलेल्या बाईला दर पाच मिनिटांनी ‘मीठ कुठे आहे’ असं विचारता येतं. दुसऱ्या आळीत मैत्रिणीकडे गेलेल्या बाईला येत नाही, आणि मीठ सापडतं.

तिसरा आक्षेप फारसा बोलला जात नाही, पण मला तो सर्वांत जास्त सलतो. बायकांच्या एकत्र बसण्याच्या आपल्या जुन्या रीती सगळ्यांना आत घेणाऱ्या नव्हत्या. हळदीकुंकवाला विधवेला बोलावणं नव्हतं. अनेक घरांत अजूनही नाही. वाळवणाला कुणाचं लाटणं चालेल आणि कुणाचं नाही, हे जात ठरवत होती. तेव्हा जुनी बैठक जशीच्या तशी पुन्हा मांडायची असेल तर ती न मांडलेली बरी. सुदैवाने सुईदोऱ्याला कुंकवाची अट नाही. नवऱ्याविना राहणारी, लग्न न केलेली, मूल नसलेली, दुसऱ्या धर्माची शेजारीण, सोसायटीत स्वयंपाकाला येणारी आणि कदाचित सगळ्यांत सफाईदार टाका घालणारी बाई, या सगळ्या एका गोधडीच्या कडेला बसू शकतात. जी बैठक हे करणार नाही तिच्यात वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पुरुषांनी यात यावं का, असंही कुणी विचारील. अवश्य यावं. शिवणं बायकी आहे हा समज आपल्याकडे तर टिकूच नये. पिढ्यान्पिढ्या मशिनीवर बसलेले आपले शिंपी पुरुषच होते आणि संत नामदेव त्याच घरातले. ऑस्ट्रेलियात गेली तीसेक वर्षं निवृत्त पुरुषांसाठी ‘मेन्स शेड’ नावाच्या सामायिक कार्यशाळा चालतात, तिथे सुतारकाम, दुरुस्ती करता करता पुरुष बोलते होतात. समोरासमोर बसवून ज्यांना बोलता येत नाही त्यांना खांद्याला खांदा लावून काम करताना बोलता येतं, हा त्यामागचा अनुभव आहे.

उरला प्रश्न तपशिलाचा, आणि बैठका मोडतात त्या बहुधा तपशिलानेच. वार ठरलेला असावा, ‘सगळ्यांच्या सोयीने’ नसावा. सगळ्यांची सोय कधीच एका दिवशी होत नाही. दोघी आल्या तरी बसावं. चौघींनी आठवड्याला दोन तास दिले तर ते आठ तासांचं काम होतं, हा हिशेब एकटीला महिन्यातही जमत नाही. खाण्याचा बेत मुळीच ठेवू नये, फक्त चहा; नाहीतर यजमानीण ओट्याशी अडकते, पुढची तिच्याहून वरचढ करते आणि तिसऱ्या आठवड्यात पाळी नकोशी होते. सुरुवात दुपट्याने करावी, ते तीन-साडेतीन फुटांत आटपतं आणि हाती लवकर लागतं. कापड सुती घ्यावं. सिंथेटिक साडी सुईखाली घसरते आणि अंगावर घाम धरते. टाके सारखे आले नाहीत म्हणून कुणाचेही उसवू नयेत. तयार झालेली वस्तू कुणाची, याचा क्रम पहिल्याच दिवशी चिठ्ठी टाकून ठरवावा, म्हणजे सावडीत कुणाला कमीपणा येत नाही. विक्रीचा विचार करायचा असेल तर तो स्वतंत्र गट करून करावा. पैसे आले की वेळेची मोजणी येते, आणि ही बैठक मोजणीतून सुटण्यासाठीच आहे.

येत्या रविवारी कपाटातल्या दोन जुन्या सुती साड्या धुऊन वाळत घाला. तिघींना वार आणि वेळ कळवा, त्यांतली एक तरी अशी असू द्या जिला आजवर कुणी बोलावलं नाही. पहिल्या दिवशी नुसतं टाचण झालं तरी पुष्कळ आहे.